गोठ्यातल्या खुंटीवरचा फोन

आळेफाटा
२२ मार्च, रविवार

प्रिय रत्नदीप,

पत्राला प्रिय लिहितात म्हणून लिहिलं, राग गेला असं समजू नकोस. मंगळवारी तो भंगारवाला भिका दुकानात आला तो काटा खांद्याला अडकवूनच. मी समोर बसलेली, आणि हा बाबा पोटमाळ्याकडे बघून म्हणतो, “ताई, तीन पोती ना? रत्नदीपभाऊंचा फोन आलाय, सगळं उचल म्हणाले.” एवढं बोलून शिडी लावायला लागला. मी म्हटलं, शिडीला हात लावलास तर त्या काट्यावर तुलाच टांगीन. गेला. दुसऱ्या दिवशी आपल्या गाळ्याचे मालक, चांगदेव आण्णा आले. ते बिचारे अर्धा तास कांद्याचं आणि उन्हाचं बोलले, मी दिलेला चहा प्यायले, आणि उठता उठता म्हणाले, “यशोधरा, एप्रिलअखेर गाळा रिकामा होतोय असं रत्नदीपने कळवलं, तुला ठाऊक असेलच.” मला कुठून ठाऊक असणार? गाळ्याचा करार तुझ्या नावावर आहे, मान्य. पण आठ वर्षं त्या खुर्चीत मी बसते, तू नाही. नोएडात बसून तुला भंगारवाला सापडतो, गाळ्याचा मालक सापडतो, आणि बहीण तेवढी सापडत नाही.

आता तू म्हणशील, ताई, बारा दिवस फोन लावतोय, तूच उचलत नाहीस. उचलत नाही, खरं आहे. आईला तू सांगितलंस की ताई रुसली. रुसायला मी काय नवी नवरी आहे? त्याचं कारण वेगळं आहे, ते सांगणार आहे, पण आत्ता नाही. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. माझं एक वाक्य होतंय तोवर तुझी चार तयार असतात, आणि मग मीटिंग आहे म्हणून ठेवून देतोस. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही. चौथीनंतर मी एवढं लिहिलेलं नाही, गिऱ्हाइकाचं नाव आणि फोनचा बिघाड, एवढंच काय ते चिठ्ठीवर. अक्षर बारीक येतंय ते कागद वाचवतेय म्हणून. ओळ खाली उतरतेय ती टेबलाचा एक पाय आखूड आहे म्हणून. हसू नकोस आणि सावकाश वाच.

तू पाठवलेला नवा फोन मिळाला. खोक्यावर तू चिठ्ठी चिकटवली होतीस, “ताई, आता दगदग पुरे, दुकान बंद कर, घरी बसून यावर पिक्चर बघ.” मी तुझ्या दुकानात आले ती पाठमोड काम करून, सत्ताविसाव्या वर्षी, रे बाबा. तेव्हा मी पिक्चर बघायला आले नव्हते. तुला आठवत नसेल तर आठवण करून देते, कारण तुझ्या त्या चिठ्ठीत माझी वीस वर्षं दगदग या एका शब्दात गेली आहेत.

मी तेव्हा नारायणगावच्या बाजूला द्राक्षाच्या थिनिंगला जायचे. टेम्पोत उभं राहून जायचं, दिवसभर मान वर करून मांडवाखाली उभं राहायचं, आणि घडातले जादाचे मणी बारीक कात्रीने काढायचे. शेजारच्या मण्याला कात्रीचं टोक लागलं की तो मणी पुढे डाग धरतो, मुकादम ओरडतो. माझ्यावर कधी ओरडला नाही. तू आयटीआय करून नुकतं दुकान टाकलेलं, पत्र्याचं, या गाळ्याच्याही आधीचं. दिवाळीच्या आधी मी तुला डबा द्यायला आले तर तू घामाघूम, एका फोनचा माईक तिसऱ्यांदा जाळलेला. तुझ्या बोटांना घाम यायचा, लहानपणापासून. मी म्हटलं, आण इकडे. तू म्हणालास, ताई, हे द्राक्ष नाही. मी चिमटा हातात घेतला, तू भिंगातून बघून सांगत गेलास, डावीकडे, अजून जरा, आता टेकव, उचल. मी टेकवलं आणि उचललं. फोनमधून माझा आवाज तुझ्या दुसऱ्या फोनात गेला. मी फक्त “हॅलो, कोण बोलतंय” म्हटलं होतं, आणि आपण दोघं येड्यासारखे एकमेकांकडे बघत बसलो होतो.

मग तू मला भिंगातून आत बघायला दिलंस. ते मी अजून विसरले नाही. शिवनेरीवर चढून खाली बघितलं की जुन्नर कसं दिसतं, गल्ल्या, घरं, देवळाचे कळस, पाण्याच्या टाक्या, सगळं आपापल्या जागी, तसं त्या हिरव्या पट्टीवर एक गाव वसलेलं होतं. मी तुला विचारलं, यात आवाज कुठे बसतो? तू म्हणालास, कुठेच बसत नाही, नुसता जातो. मला ते पटलं नव्हतं आणि खरं सांगते, अजून पटलेलं नाही. इतके फोन उघडले, इतके जोडले, तरी प्रत्येक वेळी पलीकडून माणूस बोललं की मला वाटतं, हे आपण नाही केलं, दुसऱ्या कुणीतरी केलं.

नोकियाचा तो टॉर्चवाला फोन. केवढे आले आपल्याकडे. विहिरीत पडलेले, औषधाच्या टाकीत पडलेले, एक तर म्हशीच्या शेणात दोन दिवस होता. धुवायचा, उन्हात ठेवायचा, बटणाचं रबर बदलायचं, की लागला वाजायला. एखाद्या माणसाचं नसेल तेवढं त्या फोनचं काळीज होतं. सोमवारी टोमॅटोवाले यायचे, बाजारभाव ऐकायला फोन चालू करून द्या म्हणायचे, आणि काउंटरवर बाई दिसली की तुला हाक मारायचे, “ओ भाऊ, मेस्त्री कुठाय?” तू माझ्याकडे बोट दाखवायचास. एका म्हाताऱ्याने तर फोन माझ्या हातात द्यायच्या आधी विचारलं, शॉक बसला तर तुमची जबाबदारी नाही ना बाई. इंग्रजी अक्षरंही मी तिथेच शिकले. शाळेत एबीसीडी आली नव्हती, फोनच्या पाठीवरून आली. एन त्या फोनवरून, एम दुसऱ्या कंपनीवरून, एस तिसऱ्या. एकेक कंपनी येऊन मला एकेक अक्षर देऊन गेली. आता त्यातल्या निम्म्या कंपन्यांचे फोन कुणी आणत नाही, पण मी हमरस्त्यावरची इंग्रजी पाटी वाचते ती त्यांच्या जिवावर.

तुझं मोठं दुकान झालं तेव्हा आईने फीत कापली. काचेचं दार, आत गारवा, दारावर नोकियाचा मोठा निळा-पांढरा बोर्ड, संध्याकाळी लाईट लागला की नाशिककडून येणाऱ्या गाडीतून दिसायचा. तू म्हणायचास, ताई, जगात दर तिसरा फोन यांचा आहे, हे झाड कधी पडायचं नाही. मीही मान डोलवली. मला काय कळत होतं, आणि तुला तरी काय कळत होतं? हिंदुस्थानातल्या कंपन्या आल्या, दोन सिमवाले, जोरात वाजणारे फोन घेऊन, तू म्हणालास, हे खेळणं आहे. पूर्ण काचेचे, बटण नसलेले आले, तू म्हणालास, शेतकऱ्याच्या मातीच्या बोटाला काच चालणार नाही. आणि मग नेट जवळजवळ फुकट झालं त्या वर्षी, चार महिन्यांत, मातीच्या बोटांनी काच चालवली. साठीच्या बायका बोट ओलं करून काचेवर फिरवायला लागल्या. मी बघत होते. मला तेव्हाही राग आला नव्हता, तुला आला होता. मला नवलच वाटत होतं, की एवढी दुनिया एवढ्या लवकर हात बदलू शकते.

त्या चिनी कंपन्यांचे रंगारी आले तो महिना आठवतोय? फुकट बोर्ड लावून देतो म्हणाले. सकाळी आलं की एक दुकान निळं, दुपारी दुसरं हिरवं. किराणावाल्याने, झेरॉक्सवाल्याने, केस कापणाऱ्याने सुद्धा बोर्ड लावून घेतला. अख्खा फाटा निळा-हिरवा झाला आणि मधोमध तुझा एकट्याचा जुना बोर्ड, ज्या कंपनीने आपला फोनचा धंदाच दुसऱ्याला विकून टाकला होता तिचा. तू रोज संध्याकाळी तो बोर्ड पुसून लाईट लावायचास. गिऱ्हाइकांच्या समोर मी तुला म्हटलं, “तुझ्यापेक्षा तो रंगारी शहाणा, त्याला कळतंय वारं कुठलं आहे.” ते हसले. तू हसला नाहीस. पुढे तीन महिन्यांत तू काचेचं दार उतरवलंस, मागचा हा गाळा मला ठेवलास, सोल्डरची गन काउंटरवर ठेवून म्हणालास, आता मी हिला हात लावणार नाही, आणि लेकराबाळासकट उत्तरेकडे निघून गेलास. मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते. ते वाक्य मी म्हणायला नको होतं. खरं होतं, पण म्हणायला नको होतं. आठ वर्षं पोटात ठेवलं, आता कागदावर ठेवलं, पुन्हा विचारू नकोस.

मला एक सांग, तू आता त्या धंद्याच्या आत बसलायस, तुला तरी कळलं का? एवढी मोठी कंपनी, दर तिसऱ्या माणसाच्या खिशात, आणि पडली तर आवाजही नाही. वडाचं झाड पडलं तर चार गावं बघायला जातात. हे पडलं त्या दिवशी फाट्यावर वडापाव तसाच तळला जात होता. पण मरूनही तिचं सगळं मेलं नाही, हे मी रोज बघते. ती चपटी पाच-सी बॅटरी तिचीच ना? आता कुठल्याही कंपनीच्या फोनात बसते, हातातल्या रेडिओत बसते, विहारातल्या वंदना वाजवणाऱ्या डबीत बसते. पोरंसोरं येतात, “मावशी, पाच-सी द्या,” आणि त्यांना ठाऊक नाही की हे कुणाच्या घराचं नाव आहे. माणूस जातो आणि त्याच्या मापाचे कपडे गावभर शिवले जातात, तसं काहीतरी.

आता पोत्यांचं. तू भिकाला भंगार म्हणून दिलेलं ते भंगार नाही. मागच्या पावसाळ्यात साळुबाई आल्या होत्या, आईच्या मळ्याच्या पलीकडच्या बांधाला राहतात त्या. त्यांच्या वस्तीवर रेंज येत नाही, तुला माहीत आहे. अख्ख्या घरात एकाच जागी येते, गोठ्यातल्या दुसऱ्या खुंटीवर. म्हणून त्यांचा बटणाचा फोन कायम त्या खुंटीला, म्हशीच्या दाव्याशेजारी, पिशवीत टांगलेला. कुणाचा फोन आला की म्हातारी गोठ्यात पळते. एके दिवशी त्या पहाटे दळण घेऊन बाहेर पडल्या आणि भोसरीच्या लेकीला काय वाटलं कोण जाणे, तिने लागोपाठ पंधरा वेळा फोन लावला. गोठ्यात पंधरा वेळा घंटा वाजली. साळुबाई परत आल्या तर चिखलात बिबट्याची पावलं. उसातून सरळ गोठ्याच्या दारापर्यंत आलेली, दारात थांबलेली, आणि तिथून वळून परत उसात. रेडकू आत बांधलेलं, कानही हलला नव्हता त्याचा. साळुबाईंनी फोन माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “यशे, हा लई गुणाचा हाय, ह्याला धुऊन दे.” फोन चांगला होता, नुसती धूळ होती. बिबट्या घंटेनेच वळला हे त्याने मला येऊन सांगितलेलं नाही. पण पावलं मी स्वतः जाऊन बघितली. दारापासून हातभर अंतरावर पावलं रुतलेली होती, माझ्या तळहाताएवढी, आणि त्या हातभर जागेच्या पलीकडे रेडकू होतं. मी तिथे उकिडवी बसले आणि तळहात त्या ठशावर ठेवून बघितला.

त्या दिवशी पोटमाळ्यावरचं जुन्या फोनांचं पहिलं पोतं खाली काढलं. इअरफोनची पिन घातली की काही जुनी मॉडेलं समोरून फोन आला की आपणहून उचलतात, तूच मला दाखवलं होतंस. ती पिन कापून मी तिला आवाज वाढवणारी पट्टी आणि लहान भोंगा जोडला, जाहिरातीच्या रिक्षावर असतो तसला, आणि फोन प्लास्टिकच्या डब्यात घालून साळुबाईंच्या त्याच खुंटीला टांगला. आता दूध काढायला जायच्या आधी म्हातारी बांधाकडच्या उंचवट्यावर उभी राहते, तिथेही रेंज येते असा आता शोध लागलाय, सुनेच्या फोनवरून गोठ्याला फोन लावते आणि खाकरते. गोठ्यातून दहा माणसं खाकरल्यासारखा आवाज येतो. बातमी फिरायला किती वेळ लागतो? आजमितीला अकरा गोठ्यांत आणि पंपाच्या खोल्यांत माझे अकरा डबे आहेत. अकराच्या अकरा त्या पोत्यातले, ज्यांना दुनियेने टाकून दिलं. एकदा चार्ज केला की आठ दिवस हलत नाही. तुमचा हा नवा फोन एक दिवस तरी उभा राहतो का खुंटीवर? तू म्हणशील, ताई, त्या जुन्या फोनांचं नेटवर्कच एक दिवस बंद होणार आहे. होईल तेव्हा होईल. तोवर बिबट्याला थांबायला सांगू का?

आईच्या गोठ्यात पहिल्या महिन्यातच लावला. तिचं ऐकायला तू एकदा ये. खाकरणं तिला पुरत नाही. ती रोज पहाटे ओट्यावर उभी राहून आपल्याच गोठ्याला फोन लावते आणि बिबट्याला बोलते. “उठ रं बाबा, जा आता तुझ्या घरी. म्हशीचं दूध काढायचंय, तुला काय न्हाई हितं. काल बी आला व्हता का? लाज न्हाई का जराबी?” भोंग्यातून तिचा आवाज उसावर जातो, आणि शेजारचे आता त्यावर घड्याळ लावतात. मी एकदा बांधावर उभी राहून ऐकलं. पूर्वेकडे नुकतं फटफटलं होतं, ऊस ओला होता, आणि त्या फुटक्या डब्यातून, ज्या कंपनीचं नाव लोक विसरले तिच्या फोनमधून, आपली आई एका जनावराला समजावून सांगत होती. रत्नदीप, मला तुझा तो प्रश्न आठवला, म्हणजे माझा, की यात आवाज कुठे बसतो. मी हात जोडले. कुणाला जोडले, ठाऊक नाही.

आता ऊस तुटून गेलाय, बिबटे उघडे पडलेत, वस्तीच्या जवळ फिरतायत. दवाने डब्यातले जोड गंजलेत. अकरापैकी चार डबे गेल्या महिन्यात मुके झाले, त्यात एक साळुबाईंचा. मी अजून दुरुस्त केलेले नाहीत. माझ्या हातून राहिलेत.

तू पाठवलेल्या फोनचं सांगते. मी तो चालू नाही केला, उघडला. तुला वाटलं असेल ताई पिक्चर बघत असेल. माझा स्वभाव तुला माहीत असायला हवा. पाठीला गरम हवा दिली, पातळ पत्र्याने कडेकडेने सोडवत गेले, आणि झाकण उचललं. आत राजगिऱ्याच्या दाण्याएवढे स्क्रू, एकही वाकडा नाही. त्या काळच्या फोनात मला जुन्नर दिसलं होतं, यात गल्लीच दिसेना, घरावर घर, घराला घर लागून, पुण्यासारखं, आणि तेही धुक्यात. कॅमेऱ्याचा डोळा माझ्या नखापेक्षा लहान. बॅटरीच्या कडेला पांढरी चिकटपट्टी, त्यावर बारीक छापलेला सातचा आकडा. तू फोटो पाठवला होतास ना, निळी टोपी आणि पांढरा कोट घालून, म्हणाला होतास, मी सात नंबरच्या लाईनीवर असतो, माझ्यासमोरून दर काही सेकंदाला एक फोन पास होऊन जातो. तो सात तुझाच की दुसऱ्या कशाचा, मला माहीत नाही. मी तुझाच धरला. आळ्यात शेण भरत मोठं झालेलं पोरगं, ज्याच्या बोटांना घाम यायचा, त्याच्या नजरेखालून हे गेलं. मी किती वेळ भिंग लावून बघत राहिले. तुला वाईट वाटतं म्हणून तू कधी सांगत नाहीस, पण मी सांगते, ज्या कंपन्यांनी तुझं दुकान खाल्लं त्यांचंच काम तू करतोस आणि चांगलं करतोस, यात लाजायचं काही नाही. काम बघून माझा ऊर भरून आला. तुझ्या बायकोला, तेजस्विनीलाही हे वाचून दाखव.

आणि आता ते, ज्यासाठी एवढा कागद घालवला. झाकण परत लावताना स्क्रीनला बोर्डाशी जोडणारी कागदासारखी पातळ पट्टी माझ्या हातून फाटली. वीस वर्षांत माझ्याकडून पट्टी फाटलेली नाही, तू साक्षीदार आहेस. चिमटा धरला होता, हात पुढे जात होता आणि हात माझं ऐकत नव्हता. म्हणून तुझा फोन उचलला नाही, तुझ्या फोनचं मीच वाटोळं केलं आणि तुला सांगायला तोंड नव्हतं. हे त्या दिवशी नाही सुरू झालं. दिवाळीपासून उजवा हात थरथरतोय. बारीक काम मी घेणं बंद केलं, गिऱ्हाइकाला सांगायचे, सामान नाही. चहा अर्धा कप ओतून घेते. तुझे दाजी मला पुण्यात मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी मला एकच ओळ दहा वेळा लिहायला सांगितली. कंपवात म्हणाले, यात अक्षर बारीक होत जातं. म्हणून तुला पत्र लिहिलं. फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, ताई, काहीतरीच. आता हे पान आणि पहिलं पान शेजारी शेजारी ठेव आणि स्वतः बघ. टेबलाचे चारही पाय नीट आहेत. गोळ्या चालू आहेत, मी काही उद्या मरत नाही, आईला अजून सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस. नोकरी सोड असं मी म्हणत नाही. पंधरा दिवसांची रजा काढ आणि चौदा एप्रिलच्या आधी ये, जयंती आपल्या गावात कर. थिनिंगला माझ्याबरोबर असायची ती इंद्रायणी आणि तिची जाऊ भागू, दोघींचे हात मी बघून ठेवलेत, द्राक्षाचा हंगाम संपला की त्या दुकानात बसायला तयार आहेत. मी तोंडाने शंभर वेळा सांगीन, पण हे काम सांगून येत नाही, कुणाच्या तरी हाताकडे बघावं लागतं, आणि माझा हात आता दाखवण्यासारखा राहिला नाही. तू गनला हात लावणार नाही म्हणालास, ती तिथेच काउंटरवर आहे, मी रोज पुसते. तेव्हा तू भिंगातून सांगायचास आणि मी टेकवायचे. आता मी सांगते, तू टेकव. बोटांना घाम आला तर पुसायला फडकं मी धरीन. आधी चांगदेव आण्णांना फोन करून सांग की गाळा सोडत नाही, आणि भिकाला सांग की पोती मिळायची नाहीत. साळुबाईंचा डबा मुका आहे आणि म्हातारी रोज पहाटे तशीच गोठ्यात जाते, हे झोपताना आठव. येतोस की नाही, तेवढंच, दोन शब्दांत, तुझ्या हाताने कागदावर लिहून पाठव. दहा एप्रिलच्या आत ते माझ्या हातात पडलं पाहिजे.

जय भीम.

थरथरत्या हाताची पण तुझीच,
यशोधराताई